उरलेली दहा मिनिटं

नमस्कार श्रोतेहो. आज नाचाच्या जुन्या गाण्यांबद्दल बोलायचंय. सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध आणि ऐंशीची सुरुवात. डिस्कोचा काळ. पण सगळा डिस्को सांगायला बसलो तर पुढच्या बातम्या मलाच वाचाव्या लागतील, म्हणून एकाच माणसाला धरून बोलतो. त्याचं नाव बिद्दू. बिद्दू अप्पय्या. नाव ध्यानात ठेवा, कारण गाणी तुम्हाला पाठ आहेत आणि माणूस माहीत नाही, असं या बिद्दूच्या बाबतीत हमखास होतं.

बिद्दू बंगळूरचा. कुर्गच्या कोडवा समाजातला. लहानपणी कान लावून रेडिओ सिलोन ऐकायचा. मित्रांबरोबर ‘ट्रोजन्स’ नावाचा बँड काढला, मुंबईत आणि कलकत्त्यात गायला, आणि मग 1967 च्या सुमारास थेट इंग्लंड गाठलं. ओळख ना पाळख. पोटासाठी स्वयंपाकघरात काम केलं, पैसे साठवले आणि त्या पैशांतून स्टुडिओ भाड्यानं घेऊन रेकॉर्डिंग करू लागला.

आता किस्सा. खरं सांगायचं तर आजचं भाषण मी या किश्श्यासाठीच घेतलंय.

साल 1974, गाव लंडन. बिद्दूकडे एक गायक होता, कार्ल डग्लस. मूळचा जमैकाचा. लॅरी वाइस या अमेरिकन गीतकाराचं ‘आय वॉन्ट टू गिव्ह यू माय एव्हरीथिंग’ हे गाणं त्याच्याकडून गाऊन घ्यायचं ठरलं होतं. प्रेमाचं, गंभीर, चांगलं वजनदार गाणं. स्टुडिओ तीन तासांसाठी घेतलेला. वादक आलेले, घड्याळ चालू.

पण छोट्या तबकडीला दोन बाजू असतात, तुम्हाला माहीत आहेच. पुढच्या बाजूला ज्याच्यावर भिस्त ते गाणं, आणि मागच्या बाजूला काहीतरी. ही मागची बाजू म्हणजे पानातली डावी बाजू. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. नसून चालत नाही, पण तिच्यासाठी कोणी जेवायला येत नाही. तर बिद्दूनं डग्लसला विचारलं, तुझ्याकडे काही लिहिलेलं आहे का? डग्लसनं चार-दोन कागद पुढे केले. त्यातला एक बिद्दूनं उचलला. कुंग फू या विषयावरचा.

त्याला कारणही होतं. आदल्याच वर्षी, 1973 मध्ये, ब्रूस ली गेला होता, त्याचा ‘एंटर द ड्रॅगन’ थिएटरांत गाजला होता, आणि जगभरची पोरं हवेत लाथा मारत फिरत होती. आपल्याकडेही मारत होती. कित्येकांच्या पँटी तेव्हा उसवल्या असतील.

बिद्दूनं त्या शब्दांना एक चाल लावून टाकली. ‘टाकली’ म्हणतोय, कारण मागच्या बाजूवर डोकं कोण शिणवतो? मग पुढच्या बाजूचं गाणं सुरू झालं. त्याच्यात दोन तासांहून जास्त गेले. मग सगळ्यांनी जरा दम खाल्ला. आणि घड्याळ पाहिलं तर उरली होती दहा मिनिटं.

दहा मिनिटं, श्रोतेहो. गाणं साधारण सव्वातीन मिनिटांचं. दोनदा घ्यायचं म्हटलं तरी साडेसहा मिनिटं. मध्ये खोकायलाही सवड नाही. तसंच झालं: दोनदा घेतलं आणि संपलं. बिद्दूनं त्यात ‘हू!’, ‘हा!’ असे आवाज मनसोक्त टाकले, हात चालवल्याचे सपासप आवाज टाकले. एरवी टाकले नसते. इथे मात्र त्याचा हिशोब सरळ होता, आणि तो त्यानं नंतर स्वतःच सांगितलाय: मागच्या बाजूचं गाणं, ऐकणार कोण?

आणि त्या गाण्यातली ती ‘चिनी’ वाटणारी लकेर आठवा. ती चीनची नव्हेच. चीन दाखवायचा असला की पाश्चात्त्य रंगभूमीवाले आणि सिनेमावाले पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आलेली ती लकेर. म्हणजे बघा, बंगळूरच्या माणसानं, जमैकाच्या गायकाला घेऊन, लंडनमध्ये केलेलं हे चिनी गाणं! अस्सलपणाचे गोडवे गाणाऱ्या मंडळींना मी हे मुद्दाम ऐकवतो. संगीतात शुद्ध रक्त शोधू नये, सापडत नाही.

पुढे ऐका. दोन्ही गाणी ‘पाय रेकॉर्ड्‌स’ या कंपनीकडे गेली. तिथल्या रॉबिन ब्लँचफ्लॉवर या अधिकाऱ्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि हट्ट धरला की मागचं गाणं पुढे घ्या. मागचं पुढे! दोन तास घाम गाळला ते मागे गेलं, आणि दहा मिनिटांत उरकलं ते पुढे आलं. हेच ते ‘कुंग फू फायटिंग’.

तबकडी बाजारात आली आणि पहिले पाच आठवडे रेडिओनं ती वाजवलीच नाही. माझ्याच जातभाईंचं हे कर्तृत्व आहे, तेव्हा मी आवाज जरा खाली आणून सांगतो. रेडिओनं वाजवली नाही. नाचाच्या क्लबांनी वाजवली. तिथे लोक नाचले, मग दुकानात जाऊन मागू लागले. ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या यादीत गाणं 42 व्या क्रमांकावर शिरलं आणि सप्टेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. डिसेंबरमध्ये अमेरिकेतही पहिलं. जगभर लाखोंनी खप. उरलेल्या दहा मिनिटांचं गाणं!

आता थोडं शास्त्र, म्हणजे कार्यक्रम ज्ञानवर्धक वाटेल. डिस्को म्हणजे चार मात्रा आणि चारही मात्रांवर पायानं वाजवायच्या ढोलाचा ठोका. वर टाळ्या, खाली नाचरी बास गिटार. झालं शास्त्र. लक्षात घ्या, ठोका सारखा हवा, मोठा नको. हे आपल्या वरातीतल्या डॉल्बीवाल्यांना कोणी सांगेल का? छातीचं हाड हललं म्हणजे संगीत पोचलं असा त्यांचा समज आहे. डिस्कोच्या जुन्या तबकड्या कमी आवाजात लावून बघा, पाय तरीही हलतो. न हलला तर गाणं वाईट किंवा पाय अवघडलाय.

असो. बिद्दूनं पुढे टीना चार्ल्सला घेऊन ‘आय लव्ह टू लव्ह’ केलं. तेही 1976 मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं. आणि मग तो आपल्या घरात शिरला. 1980 चा फिरोज खानचा ‘कुर्बानी’. त्यातली बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची, पण ‘आप जैसा कोई’ बिद्दूचं. शब्द इंदीवरचे. गायली कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये राहणारी नाझिया हसन. वय किती? पंधरा! फिरोज खानला ती एका पार्टीत भेटली आणि त्यानं तिला बिद्दूकडे पाठवलं. आपल्या पार्श्वगायनात तेव्हा आवाज कसा लागायचा ते तुम्ही जाणता: तयारीचा, उंच, निर्मळ. ही पोरगी थोडी नाकात, आळसावल्यासारखी गाते, आणि बिद्दूनं तिचाच आवाज तिच्या आवाजावर पुन्हा चढवला. नीट ऐका, दोन नाझिया एकदम गातायत. हे गाणं रीमिक्स करणाऱ्यांना मी हात जोडतो. त्या दोघींना एकटं राहू द्या. त्या गाण्यासाठी नाझियाला फिल्मफेअर मिळालं. 1981 मध्ये ती आणि तिचा भाऊ झोहेब यांचा ‘डिस्को दीवाने’ आला, तोही बिद्दूचाच, आणि सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना वाजला. नाझिया 2000 साली, पस्तीस वर्षांची असताना, कर्करोगानं गेली.

‘कुर्बानी’वरून आठवलं. कल्याणजी-आनंदजींचे धाकटे बंधू बाबला. त्यांनी डिस्को आणि दांडिया एकत्र आणले आणि मुंबईच्या नवरात्रात डिस्को दांडिया रुजला. त्याआधीचा गरबा मला जास्त आवडतो, पण माझं कोण ऐकतो.

आणि 1995 मध्ये पुन्हा बिद्दू. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’. चित्रपटाशिवायचं गाणं, तरी घरोघरी. आता मी कोणालाही विचारतो, या गाण्यातलं काय आठवतं? उत्तर एकच येतं: लाकडी खोक्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण! आपला शिवाजी पार्कचा, पोहण्यातला राष्ट्रीय विजेता, दिसतोही देखणा, मान्य. पण चाल कोणाची? विचारा घरात. आज जेवताना विचारा. कोणीतरी अन्नू मलिक म्हणेल, कोणीतरी बप्पी लाहिरी.

तर ‘आय वॉन्ट टू गिव्ह यू माय एव्हरीथिंग’, ते मागे गेलेलं गाणं, मिळालं तर जरूर ऐका. बरं आहे. नमस्कार.