अळणीतला पहिला वाटा आजाऱ्याचा

(कोल्हापुरात आषाढात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेर पाऊस लागून राहिलाय आणि मघापासून सभागृहात कुणी ना कुणी खोकतंय. आजच्या विषयाला याहून चांगली साथसंगत मिळायची नाही. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सर्दी-फ्लूवर चिकन सूप खरंच चालतं का?’ त्याचं उत्तर देणार आहेच. पण आधी एक तक्रार मांडू द्या, कारण ती या गावातच मांडायला हवी.

आपल्याकडे कुणाला सर्दी झाली की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘झणझणीत तांबडा रस्सा ओरप, नाक कसं मोकळं होतंय बघ.’ होतं की मोकळं! मिरचीतलं कॅप्सेसिन नाकातल्या नसांना चेतवतं आणि नाक पाण्यासारखं वाहू लागतं. पण आतली सूज तशीच राहते, त्यामुळे थोड्या वेळानं नाक पुन्हा चोंदतं. दरम्यान आधीच सोललेल्या घशावरून तिखट आणि कट उतरलेला असतो. वर रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं आणि खोकल्याची उबळ वाढते. बरं, तांबडा नको म्हणून पांढरा द्यावा, तर त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ. तापात जेवणाची वासना नसलेल्या पोटाला ते जड. दोन्ही रस्से माझ्या जिवाभावाचे आहेत, त्यांच्याबद्दल वावगं बोलून मला या गावातून बाहेर जायचं नाही. पण ते धडधाकट माणसानं रविवारी खायचे.

आणि आजाऱ्याला जे हवं असतं ते त्याच पातेल्यात तासाभरापूर्वी तयार झालेलं असतं. अळणी! म्हणजे मसाला पडण्याआधीचं, मांस शिजवलेलं पाणी, ज्यातून तांबडाही निघतो आणि पांढराही. पोरं वाटी घेऊन चुलीभोवती घिरट्या घालतात ती त्याच्यासाठीच. आपण तेच सगळं मसाल्यात ओततो आणि आजाऱ्यासाठी दुकानातून पाकिटातलं सूप आणतो. त्यात मक्याचं पीठ आणि मीठ भरपूर, कोंबडी नावाला. माझं म्हणणं एवढंच, की मसाला पडण्याआधी आजाऱ्याचा वाटा बाजूला काढा.

मात्र रविवारची घाईतली अळणी जशीच्या तशी चालणार नाही. ती मांस शिजवण्यासाठी केलेली असते, इथं आपल्याला पाणी करायचंय. म्हणून सुरुवात खाटकाच्या दुकानापासून. छातीचे बोनलेस तुकडे मागू नका, त्यांत सूप देण्यासारखं फार काही नसतं. पाठ, मान, पंख आणि पाय मागा. हाडांच्या सांध्यांत आणि पायांच्या कातडीत कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन असतं. ते मंद आचेवर विरघळून जिलेटिन होतं आणि सुपाला अंग येतं. गावरान कोंबडी वयानं मोठी असते, म्हणून तिचं सूप चवीला भारी. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांची असते, तिच्यात पाय जरा जास्त घाला म्हणजे उणीव भरून निघते. पाय उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, वरचं पिवळं साल ओढून काढा, नखं छाटा. साल राहिलं तर सुपाला उग्र वास मारतो. धुवायचं ते भांड्यात धुवा, नळाच्या धारेखाली नको. धारेनं शिंतोडे उडतात आणि कोंबडीवरचे जंतू बेसिनभर पसरतात.

प्रमाण सांगतो, लिहून घ्या. हाडांसकट 1 किलो कोंबडी, त्यात चार-सहा पाय. अडीच लिटर पाणी, आणि ते थंडच. गरम पाण्यात टाकलं तर रक्त-प्रथिनं एकदम गोठून बारीक कणांनी पाण्यात फिरत राहतात. थंड पाणी हळूहळू तापलं की तीच फेस होऊन वर येतात. पहिली दहा-पंधरा मिनिटं पातेल्यापाशी उभं राहायचं आणि करड्या रंगाचा तो फेस पळीनं काढत राहायचं. आपल्याकडे हळद आधीच टाकायची सवय आहे. ती थांबवा. हळद पडली की सगळंच पिवळं होतं आणि फेस कुठला ते ओळखू येत नाही. फेस यायचा थांबला की मग पाव चमचा हळद, उभा चिरलेला एक कांदा, ठेचलेलं इंचभर आलं, दहा-बारा काळी मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाएवढा तुकडा आणि कोथिंबिरीचे देठ. देठ फेकू नका हो, वास पानांपेक्षा त्यांत जास्त टिकतो.

आता आच. इथं बहुतेकांचं सूप बिघडतं. खळखळ उकळलं की चरबीचे बारीक थेंब पाण्यात मिसळून जातात, सूप गढूळ होतं आणि जिभेवर तेलकट लागतं. पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा, बस्स. ब्रॉयलरला सव्वा तास, गावरानला दोन-अडीच तास. छातीचा तुकडा घातलाच असेल तर तो पंचवीस मिनिटांनी काढून ठेवा, नाहीतर चोथा होतो. शेवटी त्याचे धागे काढून सुपात घालता येतात.

कुकर चालतो का? मघाशी चिठ्ठी आलीय. चालतो, आणि बरा चालतो. फेस काढून झाला की झाकण लावा, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा. ब्रॉयलरला अर्धा तास, गावरानला पाऊण तास. मग वाफ आपोआप जिरू द्या. चमच्यानं शिट्टी उचललीत की आतला दाब एकदम उतरतो, पाणी उसळून उकळतं आणि मघाचंच गढूळपण येतं.

लसूण मुद्दाम मागे ठेवलाय. दहा पाकळ्या ठेचून दहा मिनिटं तशाच ठेवा, तेवढ्यात त्यातला तिखट वासाचा अ‍ॅलिसिन तयार होतो. दोन तास उकळला तर तो उडून जातो, उरतो नुसता गोडवा. म्हणून निम्मा लसूण सुरुवातीला, निम्मा उतरायच्या आधी पाच मिनिटं. आलं-लसणाची पेस्ट नको, तिनं सूप कडवटही होतं आणि चिकटही.

मीठ शेवटी, गाळून झाल्यावर. पाणी आटत असतं, आधी घातलं तर खारट होतं. लिटरला एक सपाट चमचा, साधारण 5 ग्रॅम. आजाऱ्याचं नाक चोंदलेलं असतं, त्याला सगळंच बेचव लागतं आणि तो आणखी मीठ मागतो. वाढवू नका, लिंबू पिळा. लिंबूसुद्धा वाटीत, गॅसवरच्या भांड्यात नाही. वरची चरबी बरीचशी काढा, पण चार थेंब राहू द्या, वास त्यांतच असतो. भूक असेल तर आजरा घनसाळ मऊ शिजवून दोन चमचे त्यात घाला. त्या तांदळाचा वास चोंदलेल्या नाकालाही थोडा कळतो.

संयोजकांनी घड्याळ दाखवलंय, पाच मिनिटं उरली आणि मुख्य प्रश्न तसाच आहे. भराभर सांगतो.

आपल्या चरकसंहितेत मांसरस बल देणारा म्हणून सांगितलाय. बाराव्या शतकात कैरोचे वैद्य मायमोनिडिस कोंबडीचा रस्सा द्यायला सांगत. आधुनिक तपासण्यांतल्या दोन सांगतो, दोन्ही ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात आल्या. 1978 साली 15 निरोगी लोकांना गरम पाणी, थंड पाणी आणि गरम चिकन सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगानं पुढे सरकतो ते मोजलं. गरम पाण्यानं वेग वाढला, सुपानं त्याहून बरा वाढला, थंड पाण्यानं उतरला. पण गरम पाण्यानं आणि सुपानं वाढलेला वेग अर्ध्या तासात मूळपदावर. यातून आपल्याला कळतं ते हे, की दिवसातून एकदा मोठा वाडगा पाजण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी वाटीभर, वाफ नाकाशी येईल असं, घोट-घोट द्यायचं.

दुसरी 2000 सालची. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठातले डॉक्टर स्टीफन रेनार्ड यांनी घरगुती पद्धतीचं सूप प्रयोगशाळेत तपासलं. सूज आणणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल त्यानं मंदावली. भाज्यांमध्येही तो गुण दिसला, कोंबडीतही. मात्र हे काचेच्या भांड्यात घडलं, आजारी माणसात नाही. म्हणजे उत्तर असं: सूप विषाणू मारत नाही. साधी सर्दी आठ-दहा दिवस घेणार ती घेणारच. पण पाणी, मीठ, थोडं प्रथिन आणि ऊब एकाच वाटीत मिळते, घसा शेकतो, कफ सैल होतो, आणि अन्न नको म्हणणारा माणूसही ते पितो.

आणखी चार गोष्टी. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ डॉक्टरांना विचारून. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल तर हा मांसाचा अर्क बेतानं. उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवा, दर वेळी लागेल तेवढंच काढून उकळा. फ्रीजमध्ये त्याची जेली झाली तर घाबरू नका, पायांनी आपलं काम केलं. चौथं, ताप तीन दिवसांवर गेला, धाप लागली, अंगावर पुरळ आलं किंवा लघवी कमी झाली, तर वाटी खाली ठेवा आणि दवाखाना गाठा. या दिवसांत डेंग्यूची सुरुवातही फ्लूसारखीच दिसते.

मागून ताई विचारताहेत, श्रावणात काय करायचं? कुळथाचं कढण करा. वाटीभर कुळीथ रात्रभर भिजवा, सहा वाट्या पाण्यात कुकरला लावून मऊ शिजवा, पाणी गाळून घ्या. तुपात जिरं आणि ठेचलेला लसूण तडतडला की ते पाणी ओता, मीठ, मिरपूड, एक उकळी. लसूण चालत नसेल त्यांनी आलं आणि हिंग वापरा. उरलेले कुळीथ उसळीला घ्या.