दात दाखवायला येताना औषधांची पिशवी आणा

नमस्कार श्रोतेहो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात दातांची डॉक्टर आहे. आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो, त्यामुळे त्या दिवशी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात लेकराचं मनगट. अशाच एका मंगळवारी एक आजी नातवाला घेऊन आली. पोरगं सहा वर्षांचं, गाल सुजलेला, रात्रभर रडून डोळे लाल. तोंड उघडून पाहिलं तर खालच्या दुधाच्या दाढेत एवढा खड्डा की त्यात ज्वारीचा दाणा बसावा. आजी म्हणाली, "दुधाचाच दात हाय न जी, पडूनच जाईन. त्याले कायचा इलाज?"

बोलताना तिनं पदर तोंडावर धरला होता. ते माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा मी काही विचारलं नाही. आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून दहा जणी विचारतात.

दुधाचे दात २०. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन होतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात, हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे आजीच्या नातवाला त्याच दाढेवर अजून चार-पाच वर्षं पोळ्याच्या सणाच्या पुरणपोळ्या खायच्या होत्या. शिवाय एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तशी दुधाची दाढ खालून येणाऱ्या दाताची जागा धरून असते. रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसलाच. मग कायमचा दात वाकडातिकडा येतो.

आणि सहाव्या वर्षीच तोंडात आणखी एक गोष्ट गुपचूप घडते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ताच लागत नाही. आई समजते, ही पण दुधाचीच. ही दाढ जन्मभर चावायला पुरायची असते, आणि मी ती आठव्या-नवव्या वर्षी किडून काढायला आलेली पाहते. तेव्हा मला फार वाईट वाटतं. तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं लेकरू असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन त्याच्या तोंडात मागे पाहा. चारही कोपऱ्यांत, खोल खाचा असलेली मोठी दाढ दिसली तर तीच. खाचा खोल असतील तर त्या भरून बंद करता येतात. त्याला सुई लागत नाही, दुखत नाही.

लेकराच्या हातात ब्रश दिला म्हणजे दात घासले, असं होत नाही. स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येईपर्यंत मुलाचा हात ब्रश फिरवण्याइतका वळत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत आईनं, बापानं, आजीनं, कोणीतरी मोठ्यानं घासून द्यावं. पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. टीव्हीवर दाखवतात तशी ब्रशभर नको. आणि सकाळचं एखाद्या वेळी राहिलं तर राहिलं, रात्रीचं राहू देऊ नका. रात्री झोपेत लाळ कमी होते आणि चहा-बिस्किटाचा गोड चिखल दातांवर रात्रभर बसतो. त्या गोडावर जंतू आम्ल तयार करतात, त्या आम्लानं दात झिजतो. कीड ती हीच. वळवळणारा किडा त्यात नसतोच. बाजारात रिंगणीच्या बियांचा धूर देऊन वाटीतल्या पाण्यात किडे पाडून दाखवणारे बसतात, ते पाण्यात पडलेले बियांचे तुकडे असतात. त्या धुरानं तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता पाण्याचं. आमच्या यवतमाळ आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी, कायमचे दात हाडात तयार होत असताना पोटात गेलं, तर दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग येतात. लग्नाच्या वयाच्या मुली पदराआड हसतात, कोळशानं, राखेनं दात घासून घासून झिजवतात. बायांनो, तो डाग मळाचा नाही, घासून जाणार नाही. डागांवर इलाज आहे, तो आम्ही करतो. पण पाळण्यातल्या लेकरासाठी पाणी बदला. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यावर ते दाट होतं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून पाण्याचा नमुना तपासून घ्या. आणि पेस्टमध्येही फ्लोराइड असतं, म्हणून असं पाणी पिणाऱ्या गावात लहान लेकराला पेस्ट गिळू देऊ नका.

श्रोतेहो, आता ज्या गोष्टीसाठी मी आज मुद्दाम इथे आले, ती सांगते. लोक खुर्चीवर बसतात, दुखणारा दात बोटानं दाखवतात आणि मी विचारते, गोळ्या कोणत्या चालू आहेत? शुगर आहे का? सिकलसेलची तपासणी झाली का? एक काकाजी चिडून म्हणाले, "दात दुखते अन् बाई शुगरचं विचारते!" त्यांचंही बरोबर होतं, कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. पण दात एकटा येत नाही हो. त्याच्यासोबत सगळं शरीर येतं.

मागच्या हिवाळ्यात १६ वर्षांची एक मुलगी आली. खालचा जबडा दुखत होता, रात्र रात्र झोप नाही. आधी एका ठिकाणी तिची एक दाढ काढून झाली होती, तरी दुखणं तसंच. मी पाहिलं तर बाकीचे दात पांढरेशुभ्र, ठोकून पाहिले तरी दुखत नव्हते. खालचा ओठ बधिर वाटतो, असं ती बोलता बोलता म्हणाली. मी विचारलं, "बाळा, सिकलसेलचं कार्ड आहे का?" तिनं दप्तरातून काढून दिलं. आतापर्यंत कोणी मागितलंच नव्हतं, म्हणून दाखवलं नव्हतं. सिकलसेलमध्ये रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नळ्यांत अडकतात आणि जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून असं दुखू शकतं. तिला दातांच्या इलाजाची नाही, फिजिशियनकडे सलाइनची आणि औषधांची गरज होती. काढलेली दाढ चांगली होती. ती आता परत येत नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, आमचं यवतमाळ, तिकडे मेळघाट, या सगळ्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांनी दातांकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं, कारण दातातला पू हेसुद्धा क्रायसिस, म्हणजे सिकलसेलच्या दुखण्याचा झटका, यायला निमित्त होतं. दात दाखवायला येताना कार्ड आणा. उपाशी येऊ नका, पाणी पिऊन या, थंडीत अंगावर शाल घ्या. दात बधिर करायचं इंजेक्शन तुम्हाला चालतं. फक्त आम्हाला माहीत असलं पाहिजे.

तसंच शुगरवाल्यांचं. शुगर वाढलेली असली की हिरड्या सुजतात, आणि हिरड्यांत पू असला की शुगर ताब्यात येत नाही, असं ते उलटसुलट चक्र आहे. दात न दुखता हलायला लागले तर आधी शुगर तपासा. सकाळी नाश्ता करून, गोळी घेऊन या. आणि स्टेंट टाकलेल्यांनी, रक्त पातळ व्हायची गोळी घेणाऱ्यांनी एक ऐका. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून एका आजोबांनी दात काढायच्या आधी पाच दिवस ती गोळी बंद केली होती. रक्त जास्त जाईल ही भीती. रक्त आम्ही टाके घालून, कापूस दाबून थांबवू शकतो. हृदयातली गुठळी आम्हाला थांबवता येत नाही. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. हृदयाची झडप बदललेली असेल तर तेही आधीच सांगा, आम्हाला दाताला हात लावायच्या आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. म्हणून म्हणते, नावं पाठ नसली तरी चालेल, गोळ्यांची पिशवीच उचलून आणा.

गरोदर बायांचं थोडक्यात सांगते. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, असं सांगतात, ते खरं नाही. हिरड्यांतून रक्त येतं ते शरीरातल्या बदलांमुळे, आणि त्यावर दात घासणं बंद करणं हा उपाय नाही. उलटी झाली की लगेच ब्रश करू नका. पाण्यानं चूळ भरा, अर्ध्या तासानं घासा. इलाजाला चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, पण सूज आली, ताप आला तर कोणत्याही महिन्यात या. मेडिकलमधून न विचारता दुखण्याची गोळी मात्र घेऊ नका.

आता एका माउलीबद्दल सांगते. तिचा मुलगा १४ वर्षांचा, जन्मापासून हातपाय ताठ, फिटची गोळी चालू. काही फिटच्या गोळ्यांनी हिरड्या वाढून दातांवर चढतात, तसं त्याचं झालेलं. पहिल्या दिवशी कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून त्यानं असा आक्रोश केला की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. त्या दिवशी मी त्याच्या दाताला हात लावला नाही. नुसता आरसा त्याच्या हातात दिला. दुसऱ्या वेळी गर्दी ओसरल्यावर दोन वाजता बोलावलं, मशीन बंद ठेवलं. तिसऱ्या वेळी त्यानं तोंड उघडलं.

आईला मी दाखवलं, की पाठ भिंतीला टेकून बस, त्याचं डोकं मांडीवर घे, डोक्याला तेल लावताना घेतेस तसं. एका हातानं गाल बाजूला कर, दुसऱ्या हातानं ब्रश फिरव. ब्रश त्याच्या मुठीत मावत नव्हता, तर त्याच्या बापानं जुन्या सायकलच्या मुठीचं रबर कापून दांडीला बसवलं. आता दोन दात तो स्वतः घासतो, बाकीचे आई. अशा मुलांना मोठा इलाज लागला तर पूर्ण भूल देऊन करता येतो, त्यासाठी आम्ही नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवतो. 'याला कुठं न्यायचं, हा कुठं ऐकतो' म्हणून घरी ठेवू नका. शाळेत, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे दातही ते तपासतात. त्या दिवशी अशा लेकराला घरी न ठेवता उचलून न्या.

म्हाताऱ्या माणसांच्या कवळीबद्दल एवढंच, की ती रात्री काढून पाण्यात ठेवा आणि पेस्टनं नाही, साध्या साबणानं ब्रश मारून धुवा. टोचत असेल तर घरी कानशीनं घासू नका, घेऊन या. आणि खाटेवर पडून असलेल्या माणसाला दात नसले तरी जेवणानंतर एका कुशीवर वळवून हिरड्या, जीभ ओल्या स्वच्छ कापडानं पुसून घ्या. वरचा दात काढला की नजर जाते, ही भीती तर मनातून काढूनच टाका. दाताचा आणि डोळ्याचा तसा काही संबंध नाही.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे त्या सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाबद्दल, बोलायचं तर एक कार्यक्रम पुरणार नाही. पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतो, आणि आता सातवी-आठवीतली पोरं माझ्याकडे येतात तर तोंडात दोन बोटं जात नाहीत. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील, तिखट खाल्लं की आग होत असेल, गाल आतून पांढरा, चामड्यासारखा झाला असेल, तर उशीर करू नका. नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही, असं सांगणारे खूप भेटतात. तोंड आखडवते ती मुख्यतः सुपारीच. दोन आठवड्यांत बरा न होणारा कोणताही फोड, जखम, चट्टा दाखवायलाच हवा. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा फोन नंबर आहे, मोफत आहे, तिथले समुपदेशक मदत करतात.

आणि आता त्या आजीकडे येते. नातवाच्या दाढेच्या नसेचा इलाज तीन खेपांत झाला. तिन्ही वेळा ती पदर धरून शेजारी उभी. शेवटच्या दिवशी पोरगं खुर्चीवरून उडी मारून खाली उतरलं आणि आजीला म्हणालं, "आता तू बस." ती हसली आणि हसताना पदर सुटला. मी म्हटलं, "बसा आजी, नुसतं पाहते." ती कितीतरी वेळ उभीच राहिली, मग चप्पल काढून खुर्चीवर चढली, जशी देवळाच्या पायरीवर चढावी. डाव्या गालात, जिथं ती ३० वर्षं तंबाखूची चिमूट ठेवत होती, तिथं नखाएवढा पांढरा चट्टा. दुखत नव्हता म्हणून तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. त्याचा तुकडा तपासायला पाठवला आहे.

रिपोर्ट पुढच्या मंगळवारी येईल. तिला बाजाराच्या आधीच बोलावलं आहे. जाताना दारातून वळून म्हणाली, "सुनेले बी आणू काय जी? तिले पाचवा महिना हाय." मी म्हटलं, हो आजी, आणा, आणि तिच्या गोळ्याही आणा.

नमस्कार.