‘मान्यता’ नव्हे, ‘पुष्टी’: स्कुबिशेवस्कींचा सीमाकरार

मंडळी, क्शिश्तोफ स्कुबिशेवस्की सप्टेंबर 1989 मध्ये पोलंडचे परराष्ट्रमंत्री झाले. माणूस मूळचा पॉझ्नानचा, पेशाने आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्राध्यापक, कुठल्याच पक्षात नाही. पुढे पंतप्रधान बदलत गेले, पण ऑक्टोबर 1993 पर्यंत हे खातं त्यांच्याकडून हललं नाही. त्या चार वर्षांतलं एकच काम आज नीट उलगडून बघू: जर्मनीबरोबरची सीमा.

दुखणं जुनं होतं. 1945 साली विजेत्या राष्ट्रांच्या पोट्सडॅम परिषदेत ओडर-नायसे नद्यांच्या पूर्वेकडचा मुलूख पोलंडच्या हवाली झाला, पण शेवटची आखणी शांतता तहावर ढकलली गेली. तो तह झालाच नाही. 1950 मध्ये पूर्व जर्मनीने आणि 1970 मध्ये पश्चिम जर्मनीने या सीमेबद्दल पोलंडशी करार केले. मात्र आपली सही उद्याच्या एकसंध जर्मनीला बांधत नाही, असं बॉन, म्हणजे पश्चिम जर्मनीचं सरकार, म्हणत राहिलं. नोव्हेंबर 1989 मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल यांनी जर्मन एकीकरणाची दहा कलमं मांडली. त्यांत सीमेबद्दल अक्षर नव्हतं, आणि वॉर्सात धाबं दणाणलं.

पोलंडची पहिली मागणी अशी की, दोन्ही जर्मन राज्यांनी एकीकरणाआधीच मसुद्यावर आद्याक्षरं करावीत. कोल बधले नाहीत. तेव्हा 17 जुलै 1990 ला पॅरिसच्या बैठकीत स्कुबिशेवस्कींनी दुसरी वाट धरली. दोन्ही जर्मन राज्यं आणि चार विजेती राष्ट्रं यांच्यातल्या तहातच ‘एकसंध जर्मनी पोलंडशी सीमाकरार करील’ हे बंधन घालून घेतलं. 12 सप्टेंबरला मॉस्कोत तो तह झाला, 14 नोव्हेंबरला वॉर्सात सीमाकरारावर त्यांची आणि जर्मन परराष्ट्रमंत्री हान्स-डिट्रिश गेन्शर यांची सही झाली.

आता पहिलं कलम बघा. दोन्ही देश आपल्यामधल्या ‘अस्तित्वात असलेल्या’ सीमेची ‘पुष्टी’ करतात, आणि ती कुठून जाते ते 1950 व 1970 च्या करारांवरून ठरतं. इथे ‘मान्यता देतात’ असं लिहिलं असतं, तर तोवर तो मुलूख जर्मनीचाच होता असा अर्थ काढायला जागा राहिली असती. ‘पुष्टी’ म्हटल्यावर सीमा आधीपासूनची ठरते. वकिली कीस वाटेल, पण पोलंडचा सगळा दावा या एका क्रियापदावर उभा होता.

याची किंमतही मोजावी लागली. जर्मनीचा भरवसा नव्हता तोवर पोलंडने सोव्हिएत फौजांना ‘निघा’ म्हटलं नाही. चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी यांनी 1990 च्या सुरुवातीलाच माघारीचे करार उरकले, 1991 च्या जूनमध्ये तिथली छावणी उठलीसुद्धा. पोलंडने सप्टेंबर 1990 मध्ये बोलणी मागितली, करार मे 1992 मध्ये झाला, शेवटचे सैनिक सप्टेंबर 1993 मध्ये गेले. माझ्या मते ही दिरंगाई नव्हती. दोन्ही आघाड्या एकदम उघडण्याची ताकद वॉर्सात नव्हती, एवढंच.

एक टाका मात्र सैल राहिला. कोल यांनी सीमाकराराची संसदीय मंजुरी शेजारधर्माच्या करारासाठी अडवून धरली. तो 17 जून 1991 ला बॉनमध्ये झाला. त्यासोबतच्या पत्रांत, नागरिकत्व आणि मालमत्ता हे विषय या करारात येत नाहीत, असं स्पष्ट लिहिलं होतं. दोन्ही करार 16 जानेवारी 1992 ला लागू झाले. पण मालमत्तेचं भूत मानगुटीवर राहिलंच. त्या मुलुखातून विस्थापित झालेल्या जर्मनांचे दावे युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले, आणि ते दाखल करून घेता येत नाहीत, हा निकाल यायला 2008 उजाडलं.