बेस गिटारचे पिकअप बदलताना

नमस्कार श्रोतेहो.

बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवर, म्हणजे ई तारेवर, तिसऱ्या फ्रेटला (दांड्यावरच्या आडव्या पट्टीला) बोट दाबून सूर काढला की त्याची कंपनसंख्या येते 49 हर्ट्झ. आपल्याकडची वीज आहे 50 हर्ट्झची. बोट न दाबता मोकळी 'जी' नावाची तार वाजते 98 हर्ट्झला, आणि विजेच्या गुणगुणीचा पुढचा स्वर पडतो 100 हर्ट्झला. पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा, चुंबक आणि कॉइल असलेला भाग. साध्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या, पिकअपमधून येणारा हम, म्हणजे हीच गुणगुण, बेसच्या सुराला असा अगदी खेटून बसतो. तिसऱ्या फ्रेटचा तो सूर लांबवर धरला, की सेकंदाला एकदा तो फुगतो आणि एकदा बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वादकाचा हात हलला.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण, बेसला 'सगळं वाजेल' असा आवाज हवा म्हणून लोक पिकअप बदलतात आणि बहुतेक वेळा जोरदार पिकअप शोधत बसतात. एका संध्याकाळी जुनी हिंदी गाणी, मग कोळीगीत, मग लावणी आणि शेवटी एखादं रॉकचं गाणं, हे सगळं एकाच बेसवर निभावायचं असतं. त्यासाठी जोर फारसा कामाला येत नाही. लागतात ते वेगवेगळ्या जागी बसवलेले, एकमेकांच्या तोलाचे दोन पिकअप. आणि दोन्ही हम न करणारे.

आज बोलूया एका नेमक्या वाद्याबद्दल: चार तारांचा, पॅसिव्ह म्हणजे बॅटरी नसलेला, पी-जे मांडणीचा बेस. पी म्हणजे प्रिसिजन. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस 1951 साली आला आणि 1957 साली त्याला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला. एक तुकडा ई आणि ए या तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. जे म्हणजे जॅझ बेस, 1960 सालचा, दोन अरुंद सिंगल कॉइल असलेला. पी-जे बेसमध्ये मधोमध 'पी' बसतो आणि ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली टेकतात त्या पट्टीजवळ, 'जे'.

जागेचं महत्त्व आधी नीट समजून घ्या, कारण पिकअपच्या नावापेक्षा जागा जास्त बोलते. तारेच्या मधल्या भागाकडे झोका मोठा असतो, म्हणून पी पिकअपला सुराचा पाया आणि भरीव मधला भाग मिळतो. ब्रिजपाशी तार ताठ असते, झोका लहान. तिथे पाया कमी आणि वरचे उपस्वर जास्त, आवाज थोडा नाकातला पण बोल स्पष्ट. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला बेसवादक जेम्स जेमरसन यांचा आवाज प्रिसिजनचा, त्यावर सपाट पट्टीने गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारा. जॅको पास्टोरियस यांचा गाणारा आवाज जॅझ बेसच्या ब्रिजकडच्या पिकअपचा. पी-जे बेसवर ही दोन्ही टोकं हाताशी राहतात. मधली जागा रिकामी ठेवून दुसरीकडे कितीही महाग पिकअप बसवला, तरी पीचा आवाज येणार नाही.

आता हमकडे परत येऊ, कारण पी-जेमध्ये नेमकी इथेच फसगत होते. पीचे दोन तुकडे उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकाचे असतात, त्यामुळे त्याचा हम आतल्या आत मिटतो. जॅझ बेसवर दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की त्यांचा हम एकमेकांना मारतो, कारण नव्या जोड्यांमध्ये एक पिकअप उलटा असतो. पी-जेमध्ये मात्र जेला जोडीदारच नाही. पी आधीच शांत आहे, तो जेचा हम मिटवणार कसा? तुम्ही जे थोडासा उघडला तरी हम येतो. म्हणून पी-जेसाठी 'जे' पिकअप हम-कॅन्सलिंग, म्हणजे स्वतःचा हम स्वतःच मिटवणाराच घ्या. ही एक गोष्ट पाळली तर बाकीच्या चुका सुधारता येतात.

असे 'जे' पिकअप दोन प्रकारचे मिळतात. एकात दोन कॉइल एकावर एक रचलेल्या असतात, खालची कॉइल मुख्यतः हम उचलते. सेमूर डंकन कंपनीचा एसटीके-जे1 या जातीचा. दुसऱ्या प्रकारात कॉइल एकापुढे एक, अर्धी दोन तारांना आणि अर्धी उरलेल्या दोन तारांना. रचलेल्या प्रकारात वरची चमक किंचित कमी होऊ शकते. डिमार्झिओ कंपनीचा मॉडेल जे हाही हम न करणाराच. त्याचं मधलं अंग भरीव असल्यामुळे तो पीबरोबर चांगला मिसळतो.

पी कोणता घ्यायचा? अल्निको 5 या मिश्रधातूच्या चुंबकाचा, साधारण 10 ते 11 किलो-ओहमचा, जुन्या धाटणीचा मध्यम पिकअप. सेमूर डंकनचा एसपीबी-1 याच पट्ट्यातला. त्यांचाच क्वार्टर पाउंड, एसपीबी-3, पाव इंच जाडीच्या चुंबकांचा, खूप जोरकस. रॉकसाठी तो छान वाटतो, पण त्याच्यापुढे साधा जे दबून जातो आणि दोन्ही मिसळल्यावर जेचं काही ऐकूच येत नाही. तो घ्यायचाच असेल तर त्याच्या तोलाचा जे त्याच कंपनीच्या जोडीतून घ्या.

एक गैरसमज इथे दूर करतो. किलो-ओहमचा आकडा म्हणजे पिकअपचा जोर नव्हे. तो फक्त तारेचा विद्युतरोध आहे. तार बारीक केली की आकडा वाढतो, वेढे तेवढेच राहिले तरी. चुंबकाची ताकद त्या आकड्यात दिसतच नाही. एकाच बनावटीचे दोन पिकअप ताडायला तो उपयोगी आहे, वेगवेगळ्या बनावटीचे ताडायला नाही.

तरीही मल्टिमीटर हवाच, आणि खरेदीआधीच. बेसच्या जॅकला केबल लावा, केबलच्या दुसऱ्या प्लगच्या टोकाला आणि दांड्याला मीटरच्या तारा टेका, मीटर 20 किलो-ओहमवर ठेवा. पीचा व्हॉल्यूम पूर्ण, जेचा शून्य. जॅझ बेससारख्या वायरिंगमध्ये 250 किलो-ओहमचे दोन पॉट (नॉबखालचे फिरते रोध) समांतर येतात, त्यामुळे 10.5 चा पिकअप मीटरवर 9.7 च्या आसपास दिसेल आणि 7.5 चा जे 7.1 च्या आसपास. दोन्ही पूर्ण उघडले तर जवळपास 4.2. काहीच आकडा येत नसेल तर कॉइल तुटलेली आहे किंवा एखादा सोल्डरचा डाग सुटलाय. बॅटरीचा प्रीअँप (आतला छोटा अँप्लिफायर) असलेल्या बेसवर हा उपाय चालत नाही, तिथे आत उघडून मोजावं लागतं.

मापं घ्यायला विसरू नका. जॅझ बेसचे दोन पिकअप सारखे दिसतात, पण मूळ मापात ब्रिजकडचा सुमारे 3 मिलिमीटर लांब असतो. काही कंपन्या दोन्ही एकाच लांबीचे बसवतात. लांब पिकअप छोट्या खाचेत शिरत नाही, आणि छोटा लांब खाचेत सैल दिसतो. सोपबार, म्हणजे साबणाच्या वडीसारख्या आकाराचे पिकअप असलेल्या बेसला तर आकडा पाहिल्याशिवाय मागवूच नका: ईएमजी कंपनीच्या 35 मापाची लांबी 88.9 मिलिमीटर, 40 मापाची 101.6. लाकूड कोरून जागा करायची वेळ आणू नका.

ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, पिकअपचा मोह अनेकांना होतो. ईएमजीसारख्या ॲक्टिव्ह जोडीला 25 किलो-ओहमचे पॉट लागतात आणि पॅसिव्हला 250 चे. एक ॲक्टिव्ह, एक पॅसिव्ह अशी खिचडी करून 25 च्या पॉटवर जोडली, तर पॅसिव्ह पिकअपची वरची चमक आणि जोर दोन्ही जातात. ॲक्टिव्ह घ्यायचे तर दोन्ही घ्या, पॉट आणि जॅकसहित. जॅक स्टिरिओ हवा, कारण केबल काढल्यावर 9 व्होल्टची बॅटरी त्याच्यामुळेच बंद होते. केबल अडकवून ठेवलीत तर बॅटरी रात्रभर झिजते.

आता कामाला लागूया. जुन्या वायरिंगचा फोटो काढून ठेवा. तारा पूर्ण काढायची गरज नाही, सैल करा म्हणजे पिकअप बाजूने निघतो. स्क्रू फिरवताना हात सावकाश: पिकअपची कॉइल सुमारे 0.06 मिलिमीटर जाडीच्या तारेची असते, केसाइतकीच. स्क्रूड्रायव्हर निसटून कॉइलला लागला की पिकअप गेला. पिकअप ओढून काढू नका, वायर धरून तर मुळीच नाही; कॉइलची टोकं जिथे वायरला मिळतात तिथेच तुटतात. खालचा फोम चिरडला असेल तर तोही बदला, नाहीतर पिकअपची उंची टिकत नाही.

डाग देताना सोल्डरिंगची इस्त्री 40 वॅटच्या आसपास, सोल्डर 60-40 (कथील आणि शिसं). पॉटच्या पाठीवर डाग देताना आधी पाठ खरवडा, मग इस्त्री पूर्ण टेकवून पाठ तापवा. थंड पाठीवर सोल्डर टाकलं तर दाणा नुसता बसतो, धरत नाही, आणि स्टेजवर जमिनीचं (ग्राउंडचं) कनेक्शन सुटून भर कार्यक्रमात घरघर सुरू होते. पॉटच्या पायावर मात्र दोन-तीन सेकंदांत काम आटपा.

दोन व्हॉल्यूम असतील तर पिकअपची गरम वायर, म्हणजे आवाजाचा संकेत नेणारी, पॉटच्या मधल्या पायाला आणि जॅककडे जाणारी बाहेरच्या पायाला, हा जॅझ बेसचा क्रम. एका व्हॉल्यूमच्या प्रिसिजनमध्ये तो उलटा असतो. पी-जेमध्ये प्रिसिजनचा क्रम ठेवलात तर एक व्हॉल्यूम शून्यावर नेल्याबरोबर दोन्ही पिकअप बंद पडतात. पुष्कळ जण याला पिकअप खराब समजतात. टोनसाठी 0.047 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ठेवा.

झाकण बसवण्याआधी एकेक पिकअप आणि मग दोन्ही मिळून वाजवून पाहा. दोन्ही पूर्ण उघडल्यावर आवाज पातळ झाला, पाया गेला, तर ते उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाची लाट दुसऱ्याच्या लाटेला मारते. एकाच पिकअपच्या दोन वायर उलटवा. मात्र त्या पिकअपला धातूचं आवरण किंवा जाळी असेल आणि ती काळ्या वायरला जोडलेली असेल, तर नुसत्या वायर उलटवल्याने आवरण गरम बाजूला जातं आणि हम वाढतो. आधी आवरणाची वायर वेगळी काढून जमिनीला जोडा. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. डब्यातला कागद पाहा.

पीचे दोन तुकडे चुकून उलटे जोडले गेले तर एकट्या पीचा आवाज बिघडत नाही, कारण प्रत्येक तार एकाच तुकड्यावरून जाते. फक्त हम मिटत नाही. आवाज चांगला पण हम भरपूर, असं झालं तर तिथे पाहा.

बसवून झाल्यावर हम उरला तर कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. बेस घेऊन अंग वळवलंत आणि आवाज कमी-जास्त झाला, तर तो चुंबकीय हम, ट्रान्सफॉर्मरचा वगैरे. त्यावर उपाय हम-कॅन्सलिंग पिकअप. तारांना हात लावल्यावर कमी झाला, तर तो एलईडी पडदे आणि डिमरची किरकिर. त्यावर उपाय खाचेत तांब्याची पट्टी लावून ती जमिनीला जोडणं. हात लावल्यावर वाढला, तर कुठेतरी गरम आणि जमिनीची वायर उलटी आहे. आणि माइकला ओठ लागल्यावर झटका बसत असेल तर वाद्य बाजूला ठेवा, मांडवाच्या अर्थिंगची तपासणी करायला लावा. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढणं जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात शेवटी उंची, आणि इथे हात सैल सोडू नका. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा, तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या चुंबकापर्यंत जाड तारेकडे साधारण 3 मिलिमीटर आणि बारीक तारेकडे 2.5 अशी सुरुवात करा. फार जवळ आणलं तर चुंबक तारेला ओढतं, सूर थरथरतो, आणि वरच्या फ्रेटवर सूर बरोबर लागत नाही. पी आणि जेचा तोल याच स्क्रूने साधतो: जोर करणारा पी खाली न्या, जे वर आणा. दोन्ही एकट्याने वाजवले की जवळपास सारखे ऐकू येईपर्यंत एकेक अर्धा फेरा फिरवत राहा.

मग दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून वाजवा: मधला भाग खोलगट होतो, स्लॅपला, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवायला, छान. आता जेचा व्हॉल्यूम कणभर मागे घ्या. मधला भाग भरून येतो, आवाज गुरगुरायला लागतो. तो कणभर किती, हे प्रत्येक बेसवर वेगळं असतं; नॉबवर पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा. जुन्या गाण्यांसाठी जे बंद, टोन अर्ध्यावर. लावणीला पी पूर्ण, जे निम्मा, टोन उघडा, म्हणजे ढोलकीच्या थापेखाली बेसचा सूर वेगळा ऐकू येतो.

नमस्कार.