कल्ल्यांवरचा पिवळा डाग

(नदीचं मुख, पहाटेचं धुकं. पहिले दहा सेकंद फक्त लाटांचा आवाज.)

ही क्लॅमथ. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात निघते आणि चारशेहून अधिक किलोमीटर वाहून कॅलिफोर्नियात प्रशांत महासागराला मिळते. समोर वाळूचा जो दांडा दिसतोय, त्यातल्या चिंचोळ्या वाटेने उन्हाळा सरता सरता चिनूक सॅल्मन आत शिरतात. दोन-चार वर्षं समुद्रात काढून, पोसून आलेले मासे. नदीत शिरले की ते खाणं सोडतात. अंगावरच्या चरबीवर प्रवाहाविरुद्ध चढायचं, खडीत अंडी घालायची आणि तिथेच संपायचं. परत फिरणं त्यांच्या नशिबात नाहीच. प्रश्न एवढाच, की अंडी आधी की मरण आधी.

(२००२ची छायाचित्रं: काठावर पसरलेले मासे. इथे निवेदन नाही. आठ सेकंद थांबा.)

सप्टेंबर २००२. इथे मरण आधी आलं, आणि ते कल्ल्यांतून आलं.

(प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकातून दिसणारं दृश्य, न कापता चालू ठेवा.)

काचपट्टीवर पाण्याचा थेंब आणि त्यात आजारी माशाच्या कल्ल्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग तुकड्याची कड हलू लागते, बारीक लव वाऱ्यावर हलावी तशी. ही लव म्हणजे जिवाणू. लांब, सडपातळ काड्या. लांबी तीन ते दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तितके हजारांश, जाडी अर्ध्या मायक्रॉनच्याही आत. यांना पोहायला शेपूट नाही, ते सरपटतात. सरपटत एकमेकांवर चढतात. काही मिनिटं नजर न हलवता पाहिलं तर कडेकडेने त्यांच्या गंज्या उभ्या राहताना दिसतात, पेंढ्या रचाव्यात तशा. आता उजवीकडची बघा. मघाशी ती नव्हती.

१९२२ साली हर्बर्ट स्पेन्सर डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने मिसिसिपीच्या काठी, आयोवातल्या फेअरपोर्ट इथे पाहिलेलं हेच दृश्य नोंदवलं. या उभ्या खांबांवरूनच त्याने जिवाणूला नाव दिलं, कॉलम्नॅरिस. पुढे वर्गीकरण बदलत गेलं, आज पूर्ण नाव आहे फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेरी. खांब मात्र नावातून हलले नाहीत.

(बशीत वाढवलेला जिवाणू. पिवळी, चपटी, मुळांसारखी पसरलेली वसाहत.)

बशीत तो असा पिवळा दिसतो आणि खाली इतका घट्ट चिकटतो की सुईने खरवडून काढावा लागतो.

(कल्ल्याचं झाकण उचलणारा हातमोजा घातलेला हात. अगदी जवळून.)

हा निरोगी कल्ला. एका बाजूला चार कमानी, प्रत्येक कमानीवर लाल तंतूंची दाट झालर. माशाचं बाकी अंग खवल्यांनी आणि चिकट थराने झाकलेलं असतं. इथे तशी सोय नाही. रक्त आणि नदी यांच्यामध्ये पेशींचा अगदी पातळ पडदा, बस्स. जाड असता तर प्राणवायू आत आला नसता. मासा जगतो तो या पातळपणामुळेच, आणि जिवाणूला वाट मिळते तीही इथूनच.

(दुसरा मासा. तेच झाकण.)

आणि हा दुसरा. झालर मधूनच फिकी पडली आहे, पलीकडे पिवळट-तपकिरी डाग, टोकं विरलेल्या कापडासारखी. या जिवाणूकडे कूर्चेतला महत्त्वाचा घटक विरघळवणारं विकर असतं, त्यामुळे नुसती त्वचा नाही, खालचा सांगाडाही खचतो. मासा पाण्यात असतो आणि गुदमरतो.

(नदीत बुडवलेला तापमापक.)

मग दर वर्षी सगळे मासे का मरत नाहीत? जिवाणू काही बाहेरून आणून टाकलेला नाही. तो नदीचाच रहिवासी, गाळात असतो, पाण्यात असतो, थोड्याफार माशांच्या अंगावरही असतो. थंड पाण्यात तो मंद असतो. पाणी वीस अंशांच्या आसपास गेलं की झपाट्याने वाढतो. गंमत अशी, की त्याच वेळी माशाची बाजू पडते. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे अकरा मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, वीस अंशांवर नऊच्या जवळपास, आणि गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते.

त्यात २००२मध्ये जिवाणूला एक जोडीदार होता. इक नावाचा परजीवी, जिवाणू नव्हे, एकपेशीय प्राणी. कल्ल्यांवर पांढरे ठिपके पाडतो, पोसून झालं की गळून तळाशी बसतो, आणि एकाची शेकडो पिल्लं होतात. त्यांना एक-दोन दिवसांत नवा मासा सापडायलाच हवा. प्रवाह जोरात असेल, मासे विखुरलेले असतील, तर बहुतेक वाहून जातात. मासे एकाच डोहात खांद्याला खांदा लावून उभे असतील, तर शोधायचं कष्टच नाही. इकने पाडलेल्या जखमेतून कॉलम्नॅरिस आत.

(कालव्याचे दरवाजे, वरून घेतलेलं दृश्य. हिरवी शेतं.)

आता जरा वर जाऊ, उगमाकडे. क्लॅमथ सिंचन प्रकल्पाखाली दोन लाख एकरांच्या आसपास जमीन भिजते. २००१ साली दुष्काळ पडला. संकटातल्या माशांसाठी सरकारने बहुतेक शेतांचं पाणी तोडलं. शेतकरी रस्त्यावर उतरले. हजारो लोकांनी रांग करून बादल्या हातोहात पुढे दिल्या, नदीतलं पाणी कालव्यात ओतलं. त्यांचं पीक जळत होतं, हे खोटं नाही. पुढच्या वर्षी, मार्च २००२मध्ये, दोन केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत कालव्याचे दरवाजे समारंभाने उघडले गेले. टाळ्या पडल्या. पाऊस त्याही वर्षी कमीच होता. दरवाज्यांसमोर कॅमेरे होते. खाली, मुखाजवळ, कुणी कॅमेरा लावला नव्हता.

(पुन्हा छायाचित्रं. या वेळी जवळून.)

त्या शरदात समुद्रातून मासे भरपूर आले आणि नदीच्या शेवटच्या साठेक किलोमीटरांत अडकून पडले. काही दिवसांत किमान ३४,००० मासे मेले, बहुतेक चिनूक. खरा आकडा दुप्पट असू शकतो, असं कॅलिफोर्नियाच्या मत्स्य विभागाने नंतर म्हटलं. पाणी कमी म्हणून, की मासे जास्त म्हणून, यावर अहवालांचे ढीग झाले. आमच्या मते डोहात पाणी असतं तर गर्दी झाली नसती. असो. २००६मध्ये क्लॅमथचे मासे इतके कमी झाले, की किनाऱ्यावरच्या सुमारे अकराशे किलोमीटरांत व्यावसायिक सॅल्मन मासेमारी जवळजवळ थांबवावी लागली.

(नदीकाठच्या युरोक या आदिवासी जमातीच्या मासेमारांची होडी, संध्याकाळ. फक्त वल्ह्यांचा आवाज.)

(धरण फोडणारी यंत्रं. मग मोकळं वाहणारं गढूळ पाणी.)

२०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत क्लॅमथवरची चार धरणं पाडली. ऑक्टोबर २०२४मध्ये चिनूक ऑरेगनपर्यंत चढले, शंभराहून अधिक वर्षांनी. हे दृश्य कितीही वेळा दाखवलं तरी आमचं समाधान होत नाही.

(होडीवर मांडलेला छोटा सूक्ष्मदर्शक. जाळं ओढणारे हात.)

रानातल्या माशाला औषध देता येत नाही. बंदिस्त तळ्यात खाद्यातून देतात, पण हे तर खातच नाहीत. नदीला इंजेक्शन नसतं. उरतं ते पाणी. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी युरोक जमातीचे मत्स्यतज्ज्ञ जाळ्यातल्या माशाच्या कल्ल्याची एक कमान कापून घेतात आणि तिच्यावरचे पांढरे ठिपके मोजतात. एका कमानीवर तीस किंवा अधिक, म्हणजे लागण तीव्र. साठ माशांत असे तीन निघाले, की ट्रिनिटी या उपनदीवरच्या धरणातून थंड पाण्याचा जादा विसर्ग मागायचा. २०१४ साली इक पुन्हा पसरला होता. विसर्ग वाढवला. त्या वर्षी काठावर मासे पडले नाहीत, त्यामुळे आमच्याकडे त्याची छायाचित्रंही नाहीत.

(कमान भिंगाखाली. बोट ठिपक्यांवरून सरकतं.)

एक. दोन. इथे एक, तंतूंच्या आड. तीन.

(मोजणी चालू असतानाच दृश्य काळं. नामावली.)