डिंकाचे लाडू आणि दुबईचं विमानतळ

नमस्कार मंडळी, पाठीमागे ऐकू येतंय ना? बरं. मला सांगितलं होतं की परदेशात फिरताना सेफ कसं राहायचं यावर बोला. पाकीटमार वगैरे गोष्टी तुम्हाला यूट्यूबवर ढीगभर मिळतील. मी आज फक्त बॅगेबद्दल बोलणारे. इतकी वर्षं ग्रुप घेऊन फिरतोय, आपल्या लोकांना चोरापेक्षा स्वतःच्या बॅगेनंच जास्त गोत्यात आणलेलं बघितलंय.

इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला जाणार, हो की नाही? मग आधी डिंकाचे लाडू होणार. आणि डिंकाच्या लाडवात खसखस असतेच. आता नीट ऐका. दुबई, अबुधाबी, म्हणजे अख्ख्या यूएईमध्ये खसखस न्यायला बंदी आहे, सिंगापूरलाही आहे. कारण असं की खसखस म्हणजे अफूच्या झाडाचंच बी, अफू निघते त्या बोंडाच्या चिकापासून आणि आत जे बारीक दाणे राहतात ती आपली खसखस. आपल्याकडे वाण्याकडे पुडीत मिळते म्हणून डोक्यातच येत नाही, पण तिथल्या कायद्याला बाळंतिणीचं काही पडलेलं नाही. बरं नुसते लाडूच नाहीत, मालवणी मसाल्यात खसखस असते, करंजीच्या सारणात असते, अनारशाला तर बाहेरूनच थापलेली असते, लपवायची सोयच नाही.

आणि लगे हाथ खोबऱ्याचंही सांगतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. विमानवाल्यांच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबरं आहे, यूएन नंबर 1363, आपोआप तापून पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये. तेल भरपूर असतं ना त्यात! पॉवर बँकेचं वेगळं, ती चालते, पण फक्त हातातल्या बॅगेत, खाली द्यायच्या बॅगेत अजिबात नाही.

आता गोळ्या. आपली सवय काय, सगळ्या स्ट्रिप कापायच्या आणि सोम-मंगळवाली डबी भरायची. घरी छान आहे हो ते, पण तिकडे कस्टमवाला उघडून बघतो तेव्हा त्याला नुसत्या रंगीत गोळ्या दिसतात. अख्ख्या स्ट्रिप न्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव इंग्रजीत टाइप करून घ्या, कारण आपले ब्रँड तिकडे कुणाला माहीत नसतात. पाठदुखीच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ही दोन्ही यूएईत कंट्रोल्ड आहेत, तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते जवळच ठेवायचं, खाली सामानात गोठलं तर वाया गेलं.

आता जरा अवघड विषय. शेजारच्या काकू येतात, म्हणतात तुम्ही जाताच आहात तर आमच्या बंड्याला एवढं पाकीट द्या. नाही कसं म्हणायचं? 2019 सालची गोष्ट, पेपरात सगळं आलं होतं, मुंबईचं एक जोडपं कतारला गेलं, जवळच्या नात्यातल्या बाईंनीच ट्रिप करून दिली आणि वर एक पाकीट न्यायला दिलं. दोहाच्या विमानतळावर त्यातून 4 किलो चरस निघालं. दोघांना 10 वर्षांची शिक्षा झाली, बायको गरोदर होती, मूल तिथे तुरुंगात जन्मलं. इकडे आपल्या नार्कोटिक्सवाल्यांनी तपास केला, सरकारनं पाठपुरावा केला, आणि 2021 मध्ये कोर्टानं सोडलं तेव्हा कुठे ती तिघं घरी आली. नशीबच म्हणायचं, दरवेळी इतका तपास होईलच असं नाही. तेव्हा काकूंना सांगा, उघडून दाखवा आणि माझ्यासमोर पॅक करा. राग आला तर येऊ दे. काउंटरवर विचारतात ना, बॅग तुम्ही स्वतः भरली का, आपण सगळे न ऐकताच हो म्हणतो, खरं तर बॅग सुनेनं भरलेली असते!

पासपोर्टचं थोडक्यात सांगतो. हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग आपली एम्बसी किंवा कॉन्सुलेट. घाई असेल तर ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, त्यावर फक्त भारतात परत येता येतं, पुढची टूर विसरा. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाचा फोटो फोनमध्ये हवा आणि एक झेरॉक्स मुलाकडे, म्हणजे फोनही गेला तरी अडत नाही.

हां, त्या ताई मघापासून हात वर करतायत... अनारसे न्यायचेच आहेत म्हणता? मग नुसतं अनारशाचं पीठ न्या आणि तिकडे तीळ लावून तळा. आमच्या आईनं एका दिवाळीत घरात खसखस संपली म्हणून तसेच केले होते. बाबा चार दिवस कुरकुरले, पण डबा रिकामा त्यांनीच केला.