त्वचा तापमान मोजत नाही

(पुण्यात विज्ञानप्रेमी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझ्या हातात हा पांढरा चौकोनी तुकडा आहे. बाजू ४० मिलिमीटर, एक लाल तार, एक काळी. तपकीर गल्लीत ‘पेल्टिअर द्या’ म्हटलं की दुकानदार मान वर न करता काढून देतो. याला बॅटरी जोडली की एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. तारा उलट्या जोडल्या की बाजूंची अदलाबदल होते. ज्याँ पेल्टिए या फ्रेंच गृहस्थांना हा परिणाम १८३४ साली दिसला. आज व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवून दिसणाऱ्या आभासी जगात, गरम-गारचा भास देणारे हातमोजे आणि पट्टे बनवताना बहुतेक जण हाच तुकडा उचलतात.

गोम अशी, की हा तुकडा थंडी तयार करत नाही. तो उष्णता इकडून उचलतो आणि तिकडे टाकतो, आणि या हमालीत स्वतःही तापतो. मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा हीट सिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा ठोकळा, आणि पंखा नसेल, तर थोड्याच वेळात गार बाजूही कोमट होते. त्यामुळे ऊब देणं सोपं, गारवा देणं महाकठीण. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असताना तुम्हाला व्हीआरमधून हिमालयात न्यायचं ठरवलं, तर तुमच्या अंगातून काढलेली उष्णता टाकायची कुठे? तुमच्याच भोवतीच्या तापलेल्या हवेत. पाठीवर पंख्यांची घरघर आणि कमरेला बॅटरीचं ओझं! पूर्ण अंगभर जॅकेटच्या जाहिराती मी म्हणूनच फारशा मनावर घेत नाही.

पण बर्फाचा भास द्यायला बर्फाइतकं तापमान लागतंच कुठे? घरी सकाळी स्टीलचा पेला आणि लाकडी पोळपाट, दोन्हींना हात लावून बघा. रात्रभर एकाच ओट्यावर होते, म्हणजे तापमान एकच. तरी पेला गार लागतो, कारण स्टील हातातली उष्णता भराभर ओढून घेतं. आपली उष्णता किती वेगाने जाते-येते, याचाच त्वचा मुख्यतः हिशोब ठेवते. अंगठ्याच्या बुडाशी तळहात जेमतेम ०.११ अंशाचा गारवा ओळखतो. ऊब ओळखायला ०.२ अंश लागतात. मात्र तेच तापमान मिनिटाला अर्ध्या अंशाहून कमी वेगाने सरकवलं, तर चार-पाच अंश बदलले तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

आता यातली लबाडी बघा. तुकडा झटकन गार करायचा, मग इतक्या सावकाश मूळ तापमानावर आणायचा की परतीचा प्रवास कळूच नये. तोवर शेजारचा तुकडा झटकन गार. असे चार तुकडे आळीपाळीने चालवले की माणसाला सतत गार वाटत राहतं, आणि कातडीचं सरासरी तापमान मात्र जवळपास जागच्या जागी! उष्णता टाकायचा प्रश्न बराच हलका होतो.

जागेच्या बाबतीतही त्वचा भोळी आहे. मधलं बोट साध्या पृष्ठभागावर आणि शेजारची दोन बोटं गार पृष्ठभागांवर ठेवली, तर मधलंही गार वाटतं. म्हणजे प्रत्येक बोटाला वेगळा पेल्टिअर नको. तेवढी वीज वाचली. थुनबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये तर कोमट आणि गार दांड्या एकाआड एक ठेवून त्यावर हात ठेवायला लावला. एकही दांडी भाजण्याइतकी गरम नव्हती, तरी लोकांना चटका बसल्यासारखं वाटलं.

वेळेची मात्र फसवणूक करता येत नाही. उबेचा निरोप नेणाऱ्या नसा सेकंदाला एक-दोन मीटर इतक्या धिम्या. स्पर्शाच्या नसा त्याच्या कितीतरी पट वेगवान. व्हीआरमधल्या चहाच्या कपाला हात लागल्यावर तुकडा तापवायला घेतला, तर उशीर झालाच म्हणून समजा. हात कपाकडे निघाला की सुरुवात करावी लागते.

विजेशिवायही एक वाट आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि पुदिन्यातलं मेंथॉल वापरून उष्ण-थंडाचे रिसेप्टर, म्हणजे नसांमधले गरम-गार टिपणारे रेणू, शोधले गेले, त्या कामातून डेव्हिड ज्युलिअस आणि आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्याच सुमारास शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने हीच रसायनं त्वचेवर सोडणारे पट्टे केले. झिणझिण्यांसाठी त्यांनी सांशूल वापरलं. ते चिनी मिरीतलं. आपल्या कोकणातलं तिरफळ तिचंच भावंड. बांगड्याच्या आमटीत ज्याने जीभ बधिरते, ते थेट व्हीआरमध्ये! अडचण एवढीच, की मेंथॉल लावलं की ते बंद करायचं बटण नसतं.

माझ्या मते या साऱ्याचा खरा उपयोग खेळांपलीकडे आहे. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हात गमावलेल्या २७ जणांच्या हाताच्या उरलेल्या भागावर ठिकठिकाणी गरम-गार स्पर्श दिला. त्यातल्या १७ जणांना तो नसलेल्या हातात जाणवला. कृत्रिम बोटावर सेन्सर, उरलेल्या हातावर छोटा पेल्टिअर, आणि पेला गार आहे हे त्या माणसाला कळू लागतं. इथे काही रचून सांगायचं नाही. समोर खरा पेला असतो, सेन्सरने मोजलेलं तेवढं पुढे पोहोचवायचं.

पुण्यात तर लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधणारी बरीच मुलं-मुली समोर दिसतायत. व्हीआर जॅकेट करायच्या आधी त्या केंद्रातल्या लोकांशी बोलता येतं का, ते बघा. तिथे गरज काय आहे ते कळलं, तर तुकडा किती वॉटचा हवा हे आपोआप ठरेल. आता प्रश्न घेऊ या.